विंडोज ११ वर गेल्यापासून बाहेरचे दोन मॉनिटर नीट चालत नाहीत: विंडो उडतात, रेझोल्यूशन उतरतं, अक्षरं पुसट

तीन_स्क्रीन

नमस्कार मंडळी. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं आहे. फाइली, प्रोग्रॅम सगळं तसंच ठेवून केलं, क्लीन इन्स्टॉल नाही. हार्डवेअर, केबल, डॉक सगळं आधीचंच आहे.

मांडणी: १४ इंची लॅपटॉप, १९२० × १२००, स्केलिंग १२५ टक्के, इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स. यूएसबी-सी डॉक, चार्जिंग आणि डिस्प्ले एकाच केबलवर. डॉकच्या डिस्प्लेपोर्टवर २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४०), डॉकच्याच एचडीएमआयवर २४ इंची फुल एचडी. दोन्हींचं स्केलिंग १०० टक्के. मेन डिस्प्ले लॅपटॉपचीच स्क्रीन.

त्रास असे:

१) थोडा वेळ काम थांबलं की स्क्रीन बंद होतात. परत चालू झाल्यावर सगळ्या विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात. कधीकधी निम्म्याच येतात, बाकीच्या जागेवर.

२) दोन्ही मॉनिटर जोडले की क्यूएचडीवर २५६० × १४४० मिळतच नाही, १९२० × १०८० वर अडकतो. फुल एचडीची केबल काढली की लगेच पूर्ण रेझोल्यूशन, ६० हर्ट्झ.

३) एक जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या मॉनिटरवर नेलं की अक्षरं पुसट होतात. ब्राउझर मात्र स्वच्छ दिसतो.

४) माउसचा कर्सर दोन मॉनिटरच्या मधल्या कडेवर वरच्या भागात अडतो.

५) बाहेरच्या मॉनिटरवर टास्कबार दिसत नाही.

ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आलेला आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे मागे जायचं नाही. कुठून सुरुवात करावी?

---

स्वच्छ_सुरुवात

क्लीन इन्स्टॉल करा. अपग्रेडवर अपग्रेड केलं की असंच होतं.

---

गिगाबिट

क्लीन इन्स्टॉलची घाई करू नका. तुमचे पाच त्रास पाच वेगळ्या कारणांचे आहेत आणि दुसरा तर सरळ बेरीज-वजाबाकीचा आहे. तो क्लीन इन्स्टॉलने सुटेलच असं नाही. उलट दिवसभराचं काम करून पुन्हा १९२० × १०८० च दिसलं तर कशामुळे, तेही कळणार नाही.

एक मॉनिटर काढल्यावर दुसरा पूर्ण रेझोल्यूशनला जातो, याचा अर्थ मॉनिटर, त्याची केबल आणि पोर्ट ठीक आहेत. कमी पडते आहे ती लॅपटॉप ते डॉक या एका केबलवरची डिस्प्लेची जागा.

यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन (वाटा) असतात. डॉकला यूएसबी ३ चा वेगही द्यायचा असेल तर त्यातल्या दोनच लेन डिस्प्लेपोर्टला मिळतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाला (एचबीआर२) एका लेनवर ५.४ गिगाबिट प्रति सेकंद जातात, पण ८बी/१०बी एन्कोडिंगमुळे (८ बिट पाठवायला १० बिट लागतात) त्यातले ८० टक्केच चित्राच्या कामाचे. म्हणजे ४.३२. दोन लेनचे ८.६४.

आता गरज बघा. क्यूएचडी ६० हर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती पिक्सेल पाठवायचे तो वेग) २४१.५ मेगाहर्ट्झ, गुणिले २४ बिट (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ८), म्हणजे ५.८ गिगाबिट. फुल एचडीचा १४८.५ गुणिले २४, म्हणजे ३.५६. बेरीज ९.३६. मिळणार ८.६४. बसत नाही. दोन्ही फुल एचडीवर आणले तर ७.१३, ते बसतं. तुम्हाला नेमकं तेच दिसतं आहे.

मग आधी कसं चालत होतं? दोन शक्यता. एक, लॅपटॉप आणि डॉक दोघांनाही डिस्प्लेपोर्ट १.४ चा वेग (एचबीआर३) येत असेल तर त्याच दोन लेनवर १२.९६ गिगाबिट मिळतात आणि सगळं आरामात मावतं. जोडणी होताना दोन्ही बाजू आपसात वेग ठरवतात. ड्रायव्हर बदलला, किंवा डॉकच्या जुन्या फर्मवेअरचं (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) नव्या ड्रायव्हरशी जुळलं नाही, की वेग एक पायरी खाली ठरतो. दोन, आधी एखादा मॉनिटर ६ बिट रंगावर चालत असेल आणि आता ८ बिट मागत असेल.

बघायचं इथे: सेटिंग्ज → सिस्टम → डिस्प्ले → अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. वरून मॉनिटर निवडा. डेस्कटॉप मोड, अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड, बिट डेप्थ, कलर फॉरमॅट अशा ओळी दिसतील. दोन्ही मॉनिटरचे आकडे लिहून ठेवा. एचडीआर (उजेड-रंगांचा मोठा पल्ला दाखवणारा, साधारण १० बिटवर चालणारा मोड) चालू झालं असेल तर बंद करा. १० बिटला त्याच चित्रासाठी सव्वापट जागा लागते. कलर फॉरमॅटमध्ये आरजीबीऐवजी वायसीबीसीआर ४:२:२ किंवा ४:२:० दिसलं तर रंगीत अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, आणि ते ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमधून आरजीबी फुल रेंजवर आणावं लागतं.

सगळ्यात स्वस्त उपाय: लॅपटॉपला स्वतःचा एचडीएमआय पोर्ट असेल तर फुल एचडी मॉनिटर डॉकवरून काढून थेट तिथे लावा. डॉकवर उरतो एकटा क्यूएचडी, ५.८ गिगाबिट, भरपूर जागा. टेबलावर एक केबल वाढेल, पण हा उपाय पुढच्या कुठल्याही अपडेटने मोडत नाही. मी तरी हाच आधी करायला सांगेन.

एकाच केबलवर सगळं हवं असेल तर या क्रमाने: आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि यूएसबी-सी किंवा थंडरबोल्टचं फर्मवेअर, मग डॉकचं फर्मवेअर, मग ग्राफिक्स ड्रायव्हर. बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर घ्या, नाहीतर रीस्टार्टनंतर ४८ आकडी की मागितली जाते आणि ती नसेल तर डेटा अडकतो. डॉकचं फर्मवेअर चढताना मॉनिटर काढून ठेवा, डॉकचा पॉवर अ‍ॅडॉप्टर लावलेला असू द्या, मध्येच केबल काढू नका. झाल्यावर डॉकचा पॉवर आणि लॅपटॉपची केबल दोन्ही काढून अर्धा मिनिट थांबा आणि मग जोडा. पॉवर चालू राहिला तर डॉक जुनीच अवस्था धरून बसू शकतो.

लॅपटॉप-डॉक केबल सुटी निघणारी असेल तर तीही तपासा. फक्त चार्जिंगसाठी आलेल्या कित्येक यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान लेनच नसतात, त्यावर डिस्प्ले येणारच नाही. लांब किंवा हलक्या केबलवर डिस्प्ले येतो, पण वेग खाली ठरतो.

---

स्वच्छ_सुरुवात

बँडविड्थचं मान्य. पण ड्रायव्हर विंडोज अपडेटचा आहे, तो तरी उपटायला नको का?

---

गिगाबिट

हो, ते करायचंच. आधी लॅपटॉपच्या कंपनीचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. इंटरनेट बंद करा, नाहीतर जुना काढताक्षणी अपडेट स्वतःचा आणून बसवतं. डिव्हाइस मॅनेजर → डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स → अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा. रीस्टार्टनंतर मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर दिसेल. या अवस्थेत बाहेरचे मॉनिटर वाढीव डेस्कटॉप म्हणून चालत नाहीत, घाबरू नका. नवा ड्रायव्हर चढवा, रीस्टार्ट करा, मगच इंटरनेट जोडा.

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे वेगळं साधन सेफ मोडमधून वापरायची वेळ शक्यतो येत नाही. वरच्या रीतीने दोनदा करूनही फरक नसेल तरच, आणि तेव्हाही बिटलॉकरची की हाताशी ठेवून.

एक तपासणी याच्याही आधीची: तुमचा डॉक डिस्प्लेलिंक चिपचा तर नाही ना? त्या प्रकारात चित्र यूएसबी डेटा म्हणून जातं आणि त्याचा वेगळा ड्रायव्हर लागतो, वरचं गणित लागू होत नाही. लॅपटॉप चालू होताना कंपनीचा लोगो डॉकवरच्या मॉनिटरवर दिसत असेल तर तो डिस्प्लेलिंक नाही. विंडोज सुरू झाल्यावरच चित्र येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेलिंकचं नाव शोधा.

---

हॉटप्लग

पहिल्या त्रासाबद्दल लिहितो, कारण त्याची दोषारोपणं नेहमी चुकीच्या ठिकाणी जातात.

डिस्प्लेपोर्टच्या कनेक्टरमध्ये १८ क्रमांकाची आणि एचडीएमआयमध्ये १९ क्रमांकाची पिन हॉट प्लग डिटेक्टची असते. मॉनिटर त्यावर व्होल्टेज ठेवतो, म्हणजे 'मी इथे आहे'. डिस्प्लेपोर्टवर हा सिग्नल एखाद्या मिलिसेकंदासाठी खाली गेला तर ती फक्त सूचना असते. दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त खाली राहिला की कॉम्प्युटर समजतो, केबल काढली. अनेक मॉनिटर गाढ झोपेत जाताना ही पिन सोडून देतात. विंडोजच्या दृष्टीने तुमचा मॉनिटर उचलून नेलेला असतो, म्हणून विंडो उरलेल्या स्क्रीनवर आणल्या जातात. बंद करायला मॉनिटरचं बटण दाबलं तरी पुष्कळ मॉडेलमध्ये हेच होतं.

विंडोज ११ मध्ये यावर सोय आहे. सेटिंग्ज → सिस्टम → डिस्प्ले → मल्टिपल डिस्प्लेज उघडा. 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' चालू हवं. त्याच्याखालचं 'मिनिमाइझ विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिस्कनेक्टेड' हेही चालू ठेवा, म्हणजे मॉनिटर गेल्यावर त्यावरच्या विंडो लॅपटॉपवर गर्दी न करता मिनिमाइझ होतात आणि मॉनिटर आला की जागेवर उघडतात.

तुमच्या निम्म्या विंडो परत येतात आणि निम्म्या नाही, त्यावरून वाटतं की एक मॉनिटर दुसऱ्यापेक्षा उशिरा जागा होतो. लॅपटॉप अधिक क्यूएचडी ही एक मांडणी, लॅपटॉप अधिक दोन्ही ही दुसरी. विंडोज प्रत्येक मांडणी वेगळी साठवतं. मधल्या काही सेकंदांत पहिली मांडणी लागू होते आणि तेवढ्यात विंडो हलतात.

म्हणून खरं काम मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत आहे. डीप स्लीप, पॉवर सेव्हिंग किंवा तशा नावाचा पर्याय बंद करा. इनपुट ऑटोवर असेल तर ते बंद करून डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय पक्कं निवडा. ऑटोवर असलेला मॉनिटर जागा होताना एकेक इनपुट चाचपत बसतो, त्यात वेळ जातो, आणि कधी लॅपटॉपचा सिग्नल येण्याआधीच परत झोपतो. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, पण हे दोन पर्याय बहुतेक मॉनिटरमध्ये सापडतात. वीज थोडी जास्त जाईल, विंडो मात्र जागच्या जागी राहतील.

एवढं करूनही मांडणी विसरली जात असेल तर जुन्या नोंदी साफ करा. डिव्हाइस मॅनेजर → व्ह्यू → शो हिडन डिव्हाइसेस. मॉनिटर्सखाली फिकट दिसणाऱ्या नोंदी म्हणजे पूर्वी कधीतरी जोडलेले मॉनिटर. तेवढे अनइन्स्टॉल करा. त्यानेही न भागल्यास रजिस्ट्रीत एचकेईवाय लोकल मशीन → सिस्टम → करंटकंट्रोलसेट → कंट्रोल → ग्राफिक्सड्रायव्हर्स इथे 'कॉन्फिगरेशन' आणि 'कनेक्टिव्हिटी' या की आहेत. आधी संपूर्ण ग्राफिक्सड्रायव्हर्स शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग या दोन काढा, रीस्टार्ट करा. मांडणी, रेझोल्यूशन पुन्हा लावावं लागेल. बाकीच्या कींना हात लावू नका.

आणि केबल रोज त्याच पोर्टला लावा. ओळख पटवताना मॉनिटरच्या ईडीआयडी माहितीबरोबर (मॉनिटर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती) तो कोणत्या पोर्टवर आहे हेही धरलं जातं. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण काहींच्या ईडीआयडीत वेगळा अनुक्रमांकच नसतो.

मॉनिटर जागा झाला पण काळाच राहिला तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर रीस्टार्ट होतो, उघड्या फाइली तशाच राहतात. हरवलेली विंडो आणायला ती निवडून विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण.

---

टंक_आणि_ठसा

३, ४ आणि ५ माझ्याकडे.

पुसट अक्षरं: जुने प्रोग्रॅम साइन-इन करताना मेन डिस्प्लेचं जे स्केलिंग होतं तेवढंच ओळखतात. तुमची मेन डिस्प्ले लॅपटॉपची, १२५ टक्के. प्रोग्रॅम १२५ च्या हिशेबाने चित्र काढतो, ते १०० टक्क्यांच्या मॉनिटरवर नेलं की विंडोज तयार चित्रच दाबून छोटं करतं. पुसटपणा तिथून येतो. ब्राउझरला प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं कळतं, तो अक्षरं नव्याने काढतो.

तो प्रोग्रॅम बहुतेक वेळ बाहेरच्या मॉनिटरवरच वापरत असाल तर क्यूएचडीला 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' करा आणि साइन-आउट करून परत या. नुसतं मेन बदलून उपयोग नाही, साइन-आउट हवंच. ही पायरी वगळली जाते आणि मग 'काही फरक पडला नाही' असं वाटतं.

दोन्हीकडे स्वच्छ हवं असेल तर प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → कम्पॅटिबिलिटी → चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. खालच्या 'ओव्हरराइड' चौकटीत खूण करून 'सिस्टम (एन्हान्स्ड)' निवडा. प्रोग्रॅम विंडोजच्या जुन्या जीडीआय पद्धतीने अक्षरं काढत असेल तर ती ठसठशीत होतात. बटणं एकमेकांवर चढली किंवा तक्ते कापले गेले तर 'अ‍ॅप्लिकेशन' निवडून बघा. त्यात अक्षरं स्वच्छ येतात, पण आकार मॉनिटरप्रमाणे बदलत नाही. बदल केल्यावर प्रोग्रॅम बंद करून उघडा.

कर्सर: विंडोज मॉनिटर पिक्सेलमध्ये मोजतं, इंचांत नाही. क्यूएचडीची उंची १४४०, फुल एचडीची १०८०. खालच्या कडा जुळवल्या असतील तर वरच्या ३६० पिक्सेलच्या समोर काहीच नाही, कर्सर तिथे अडणारच. मल्टिपल डिस्प्लेजमध्येच 'ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज' आहे, ते चालू केलं की अशा ठिकाणाहूनही कर्सर पलीकडे जातो. शिवाय डिस्प्लेच्या पानावर वरचे चौकोन ओढून मॉनिटर टेबलावर जसे आहेत तसे लावा. 'आयडेंटिफाय' दाबल्यावर येणारे १, २, ३ हे आकडे क्रम दाखवत नाहीत, त्यांच्यावरून डावं-उजवं ठरवू नका.

टास्कबार: सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → टास्कबार → टास्कबार बिहेवियर्स → 'शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज'. खालच्या पर्यायात 'टास्कबार व्हेअर विंडो इज ओपन' निवडलं तर ज्या मॉनिटरवर विंडो, तिथेच तिचं चिन्ह. तीन स्क्रीनवर काम करताना मला हाच पर्याय योग्य वाटतो. विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत दुसऱ्या मॉनिटरच्या टास्कबारवर घड्याळ नव्हतं, फेब्रुवारी २०२२ च्या अपडेटमध्ये ते परत आलं. तुमच्याकडे नसेल तर अपडेट राहिले आहेत.

---

सफरचंदी

थोडं अवांतर. अशाच डॉकवर मॅकबुक लावलं तर दोन्ही बाहेरच्या मॉनिटरवर एकच चित्र येतं. डॉक खराब समजायचा का?

---

गिगाबिट

नाही. असे डॉक एका डिस्प्लेपोर्ट जोडणीतून दोन मॉनिटर काढायला मल्टि-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट वापरतात. विंडोजला ते चालतं. मॅकओएस त्यावर वेगवेगळे डेस्कटॉप देत नाही, म्हणून दोन्हीकडे तेच चित्र. मॅकला दोन स्वतंत्र मॉनिटर हवे असतील तर थंडरबोल्ट डॉक किंवा दोन वेगळे पोर्ट. एम१ आणि एम२ च्या साध्या चिपच्या मॅकबुकवर तर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, डिस्प्लेलिंक वगळता.

---

तीन_स्क्रीन

सगळ्यांचे मनापासून आभार. लोगो डॉकवरच्या मॉनिटरवर दिसतो, म्हणजे डिस्प्लेलिंक नाही. फुल एचडी थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावला: क्यूएचडी लगेच २५६० × १४४०, ६० हर्ट्झ, ८ बिट, आरजीबी. ४ आणि ५ सुटले. क्यूएचडी मेन करून साइन-आउट केल्यावर हिशेबाची अक्षरंही स्वच्छ झाली. दोन्ही मॉनिटरचं डीप स्लीप बंद केलं, विंडो आता जागेवर असतात.

एकच राहिलं. आता लॅपटॉपचं झाकण लावून फक्त बाहेरचे दोन वापरायचे तर झाकण लावताच सगळं झोपतं. आणि पुढे चौथी स्क्रीन जोडायची असेल तर?

---

हॉटप्लग

कंट्रोल पॅनेल → पॉवर ऑप्शन्स → 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज'. 'प्लग्ड इन' च्या रकान्यात 'डू नथिंग', बॅटरीच्या रकान्यात 'स्लीप' तसंच ठेवा, नाहीतर लॅपटॉप बॅगेत चालू राहून तापेल. झाकण लावल्यावर हवा कीबोर्डमधून आत घेणारी मॉडेल असतात, त्यांना थोडं उघडं ठेवलेलं बरं. झाकण लावलेल्या अवस्थेची मांडणी विंडोज वेगळी साठवतं, म्हणून मॉनिटरची जागा आणि मेन डिस्प्ले एकदा त्या अवस्थेतही लावून घ्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी त्यानंतर पुन्हा साइन-आउट.

चौथ्या स्क्रीनसाठी प्रोसेसरची पिढी बघावी लागेल. इंटेलच्या जुन्या अंगभूत ग्राफिक्सवर एका वेळी तीनच डिस्प्ले चालतात, लॅपटॉपची स्वतःची धरून. आयरिस एक्सई आणि नंतरच्यांवर चार. तीनची मर्यादा असेल तर चौथा मॉनिटर डिस्प्लेच्या पानावर दिसतो पण चालू होत नाही, आणि झाकण लावून लॅपटॉपची स्क्रीन सोडली की चालू होतो. चार चालत असतील तरी तो डॉकवर लावण्याआधी गिगाबिट यांची बेरीज पुन्हा करा: तुमच्या डॉकवर आता २.८४ गिगाबिट उरले आहेत, आणि फुल एचडीला ३.५६ लागतात.